केबलची कंपनी बदलली अन् बिल वाढलं. पैसे नेमके कशाचे अन् दाद कुठं मागायची?

श्रीगोंदा (प्रतिनिधी) : "कंपनी बदलली, आता नवा बॉक्स बसवावा लागंल, महिन्याचे पैसेही थोडे वाढतील." गेल्या वर्षी आमच्या वस्तीवर केबलवाला हे सांगून गेला. आधी ३०० रुपये होते, ते ३८० झाले, वर बॉक्सचे वेगळे. पावती मागितली तर "ऑनलाइन भरलंय, दिसंल तिथं" एवढंच उत्तर. आईला संध्याकाळच्या दोन मालिका अन् बातम्या एवढंच लागतं. मग हे ३८० कशाचे? शोधायला बसलो तेव्हा जे कळलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

कंपनी बदलते म्हणजे काय?

आपल्या दारात येणारा तो स्थानिक ऑपरेटर. त्याला सिग्नल देणारी वरची मोठी कंपनी म्हणजे एमएसओ. ऑपरेटर तोच राहतो, पण त्यानं वरची कंपनी बदलली की पॅक, दर अन् बॉक्स सगळं बदलतं. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सिग्नलवर चालत नाही, म्हणून चांगला चालू बॉक्सही माळ्यावर जातो.

आधी साध्या वायरवर टीव्ही चालायचा. केंद्र सरकारनं टप्प्याटप्प्यानं बॉक्स सक्तीचा केला. श्रीगोंदा शहरासारखी नगरपालिकेची गावं तिसऱ्या टप्प्यात होती, तर खेडी चौथ्या टप्प्यात. चौथ्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती.

बिलात तीन गोष्टी असतात

१) नेटवर्क फी : चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचं भाडं. फुकट चॅनेल यातच येतात.
२) पे चॅनेलचे पैसे : मालिका, क्रिकेट, सिनेमाचे चॅनेल. प्रत्येकाची किंमत चॅनेलवाली कंपनी ठरवते.
३) या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

उदाहरण घ्या. नेटवर्क फी १३० अन् पे चॅनेल ८० रुपयांचे. बेरीज २१०. जीएसटी ३७ रुपये ८० पैसे. एकूण २४७ रुपये ८० पैसे. आपल्या बिलाची अशी फोड मागा. फोड मिळाल्याशिवाय वाढ कुठं झाली ते कळत नाही.

दर वाढले कसे?

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. तेव्हा १०० चॅनेलला नेटवर्क फी जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल द्यायचे ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅनेलच्या नव्या दरांवरून वाद पेटला. ज्या केबल कंपन्यांनी नवा करार केला नाही, त्यांचे स्टार, झी, सोनीचे चॅनेल काही दिवस बंद पडले होते.

मोठा बदल झाला जुलै २०२४ मध्ये. नेटवर्क फीवरची कमाल मर्यादाच ट्रायनं काढली. बॉक्स बसवण्याच्या खर्चावरचीही काढली. आता हे दर कंपनी ठरवते, फक्त ते जाहीर करावे लागतात. म्हणजे "१३० च्या वर घेता येत नाही" असं भांडायला गेलो तर आता टिकत नाही.

ऑपरेटरची बाजूही सांगतो. करारात वेगळं ठरलं नसेल तर नेटवर्क फीच्या शंभरातले ४५ त्याला अन् ५५ कंपनीला. वाढीचे सगळे पैसे त्याच्या खिशात जात नाहीत. वादळात तुटलेली वायर जोडायला मात्र तोच येतो.

आपण काय करायचं?

- पॅक कंपनीनं लावून दिला म्हणून तोच ठेवायची सक्ती नाही. सुटे चॅनेल निवडता येतात. आमच्या पॅकमध्ये कुणाला न कळणाऱ्या भाषांचे चॅनेल होते. ते काढून फक्त आईला लागणारे ठेवले, बिल २६० वर आलं.
- पण सुट्या चॅनेलची बेरीज आधी करा. कधी कधी छोटा पॅकच स्वस्त पडतो.
- बॉक्स विकत की भाड्यानं, वॉरंटी किती, हे पावतीवर लिहून घ्या. जुन्या बॉक्सचं डिपॉझिट भरलं असेल तर तो परत देऊन पैसे मागा.
- तक्रार आधी कंपनीच्या कस्टमर केअरला करा अन् तक्रार नंबर लिहून ठेवा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.
- महिन्याचा खर्चच नको असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश. छत्री अन् बॉक्सचा एकदाच खर्च, नंतर महिन्याला काही नाही. सह्याद्री दिसतं, पण आवडीचा पे चॅनेल मिळंलच असं नाही. घरच्यांना विचारून ठरवा.

महिन्याला १२० रुपये म्हणजे वर्षाला १ हजार ४४०. उसाचं बिल लांबलं की हेच पैसे किराण्याला लागतात. म्हणून पुढच्या वेळी केबलवाला दारात आला की पैसे देण्याआधी फोड मागा अन् दिल्यावर पावती.