‘ऑल-इन’चा हिशेब आणि ‘साइड पॉट’

‘कसिनो रोयाल’ या २००६ सालच्या बाँडपटातील पोकरचा अखेरचा डाव अनेकांना आठवत असेल. चार खेळाडू एकाच डावात आपल्याजवळचे सारे काही पणाला लावतात आणि स्ट्रेट फ्लश दाखवून जेम्स बाँड संपूर्ण रक्कम जिंकतो. पण या चौघांत ज्याच्यापुढे सर्वांत कमी चिप्स होत्या, त्याची पाने सरस ठरली असती, तर सारी रक्कम त्याला मिळाली असती काय? नाही. याचे कारण ‘साइड पॉट’.

पोकरचा मूलभूत दंडक असा, की डाव सुरू होताना जेवढ्या चिप्स टेबलावर असतील, तेवढ्याच पणाला लावता येतात. डाव रंगात आल्यावर खिशात हात घालता येत नाही. त्याचबरोबर, समोरच्याची पैज मोठी आहे म्हणून कमी पैसेवाल्याला डाव सोडावा लागत नाही. आपल्या सर्व चिप्स पुढे सारून तो ‘ऑल-इन’ होतो आणि पाने उघडेपर्यंत डावात राहतो. मात्र त्याने स्वतः जेवढी रक्कम लावली, तेवढीच तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून जिंकू शकतो. हे तत्त्व अमलात आणण्यासाठी रकमेचे निरनिराळे ढीग करावे लागतात.

उदाहरण पाहू. ‘अ’कडे २००, ‘ब’कडे ५००, ‘क’कडे ९०० आणि ‘ड’कडे १,५०० चिप्स आहेत. अ, ब आणि क क्रमाने ऑल-इन होतात. ड त्यांच्या बरोबरीने ९०० लावतो. डीलर प्रथम प्रत्येकाचे २०० घेऊन ८०० चिप्सचा मुख्य पॉट करतो. त्यावर चौघांचाही हक्क असतो. ब, क आणि ड यांच्या पुढच्या प्रत्येकी ३०० चिप्सचा मिळून ९०० चिप्सचा पहिला साइड पॉट होतो. क आणि ड यांच्या उरलेल्या प्रत्येकी ४०० चिप्सचा ८०० चिप्सचा दुसरा साइड पॉट होतो. एकूण बेरीज २,५००.

आता अ याची पाने सर्वश्रेष्ठ ठरली, तरी त्याला मुख्य पॉटचे ८००च मिळतात. उरलेल्यांत ब सरस असल्यास पहिला साइड पॉट त्याचा. दुसऱ्याचा निवाडा केवळ क आणि ड यांच्यात होतो. याउलट क सर्वांत वरचढ ठरला, तर तिन्ही पॉट त्याचेच. वाटप शेवटच्या साइड पॉटपासून सुरू करून मुख्य पॉटशी संपवतात. बरोबरी झाल्यास केवळ तो पॉट विभागला जातो. डाव सोडणाऱ्याने लावलेली रक्कम ज्या त्या पॉटमध्येच राहते. तर ज्या जादा रकमेला कोणीही बरोबरी केली नाही, ती लावणाऱ्याला परत मिळते.

याचा परिणाम डावपेचांवरही होतो. एक खेळाडू ऑल-इन असून साइड पॉट रिकामा असेल, तर दुसऱ्याला पोकळ पैजेने पळवून लावण्यात फारसे हशील नसते. प्रतिस्पर्धी गेला, तरी ऑल-इन खेळाडूची पाने हरवावीच लागतात. उलट त्याचाच एक स्पर्धक कमी होतो.

‘ऑल-इन’ या शब्दाच्या उच्चारालाही मोल आहे. १९८२ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉस याने सर्व चिप्स लावून डाव गमावला. उठताना त्याला ५०० ची एक चिप मागे राहिलेली आढळली. त्याने ‘ऑल-इन’ म्हटलेले नसल्याने ती त्याचीच ठरली, असे सांगितले जाते. त्याच चिपच्या बळावर पुढे त्याने ती स्पर्धा जिंकली व ५,२०,००० डॉलर मिळवले.

धनवानाला केवळ पैशाच्या जोरावर दुसऱ्याला डावाबाहेर काढता येऊ नये आणि थोडक्या पैशात कोणाला सर्वांची पुंजी लुटता येऊ नये, हा समतोल साइड पॉट साधतो. म्हणूनच पाने उघडण्यापूर्वी कोणत्या पॉटवर कोणाचा हक्क आहे, हे स्पष्ट असावे लागते.