सहजस्पष्टता (प्रकाशसंवेदी भिंगद्रव्यांचे पेटंट)

ज्याचे पेटंट मागितले आहे ते त्या क्षेत्रातील सर्वसामान्य जाणकाराला, आधीचे ज्ञान हाताशी असता, वेगळ्या प्रतिभेवाचून सुचण्याजोगे असेल, तर ते सहजस्पष्ट ठरते. भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार शोधात ‘कल्पक पाऊल’ लागते. म्हणजे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व तर हवेच, शिवाय ते जाणकाराला उघड दिसणारे नसावे.

उन्हात काळी पडणारी चष्म्याची काच अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकात काढली. तिच्यातील सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक अतिनील किरणांनी काळवंडतात आणि सावलीत पूर्ववत होतात. प्लास्टिकच्या भिंगात हे काम नॅफ्थोपायरानसारखी सेंद्रिय रंगद्रव्ये करतात: किरणांनी रेणूतील कडे उघडून रंग उमटतो आणि उष्णतेने ते पुन्हा मिटते. त्यामुळे मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४ अंशांपुढे गेला की, गडद काचेची गरज सर्वाधिक असतानाच ती डिसेंबरातल्यापेक्षा फिकी राहते.

समजा, रेणूच्या एका जागी वेगळा अणुगट जोडून उन्हाळ्यातही गडद राहणारे नवे नॅफ्थोपायरान कोणी मुंबईच्या पेटंट कार्यालयात मांडले (खानदेशातले अर्ज तेथेच जातात). दोष सर्वांना ठाऊक होता, एवढ्याने उपाय उघड ठरत नाही. रेणूच्या नेमक्या त्या जागी तो गट जोडावा असे आधीच्या लेखनातून सुचत होते काय, आणि यशाची वाजवी अपेक्षा धरता येत होती काय, हे पाहावे लागते. कडे सावकाश मिटणारा रेणू शोधणे फारसे अवघड नाही, पण तो घरात आल्यावरही बराच वेळ काळाच राहतो. ही अडचण टाळल्याचे मोजमाप अर्जात असेल, तर कल्पक पाऊल मान्य होण्यास बळ मिळते. उलट, ज्ञात रंगद्रव्यात ज्ञात स्थिरीकारक मिसळून दोहोंचे गुण केवळ एकत्र आले असतील, तर कलम ३(ई) आडवे येते.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज (१९७८) या भांडी कातण्याच्या लेथसंबंधीच्या खटल्यात, कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. रसायनात ही रेघ ओढणे अधिक कठीण, कारण उत्तर वाचल्यावर प्रत्येक गट जागच्या जागी बसल्यासारखा भासतो.

पूर्वज्ञानात परदेशी नियतकालिकांइतकाच जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर्वांना खुला असलेला प्रबंधही मोडतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. त्यामुळे धुळ्याच्या चष्मेविक्रेत्याने अग्रक्रमाच्या तारखेपूर्वी (म्हणजे तो शोध प्रथम अर्जात मांडला गेला त्या दिवसापूर्वी) विकलेली तशीच काच बिलासह पुढे ठेवली, तर तीही विचारात घ्यावी लागते.