सोलापुरातील घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय

गोड्या पाण्यातील गप्पी, गोल्डफिश आणि एंजल मासे शहरी घरांना नवीन नाहीत. काही हौशी मत्स्यपालक काही वर्षांनी त्यापुढचा टप्पा गाठू पाहतात. निळसर प्रकाशात डोलणारे सजीव, खडकांच्या कपारींतून डोकावणारे नारिंगी-पांढरे क्लाउन मासे असे प्रवाळभित्तीचे छोटे रूप त्यांना दिवाणखान्यात हवे असते. २००३ मध्ये 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर हा मासा लहान मुलांच्याही ओळखीचा झाला. अशा मत्स्यालयास 'रीफ टँक' म्हणतात.

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि अरबी समुद्र येथून सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तथापि अंतर ही या छंदातील मुख्य अडचण नाही. समुद्राचे मीठ पिशवीत मिळते. खऱ्या अडचणी तीन आहेत: जड पाणी, कडक उन्हाळा आणि अवेळी जाणारी वीज. या तिन्हींची व्यवस्था मासे आणण्यापूर्वी झाली तर मत्स्यालय टिकते. ती मागाहून करण्याचे ठरविल्यास त्याची किंमत मुक्या जिवांना मोजावी लागते.

कायदा आधी पाहावा

भारतात या छंदाला कायद्याची स्पष्ट मर्यादा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सागरी जिवांचा समावेश करण्यात आला. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि महाकाय शिंपल्यांच्या काही जाती यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी कठीण प्रवाळांचे स्थान पहिल्या अनुसूचीतच राहिले. या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. प्रवाळाचा मृत सांगाडाही यातून सुटत नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांत सर्रास सुचविला जाणारा, मृत प्रवाळापासून बनलेला 'लाइव्ह रॉक' येथे वापरू नये.

कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ कधी कधी बाजारात दिसतात. आयातीची कागदपत्रे व पक्की पावती मिळत नसेल तर ते घेऊ नयेत. शंका असल्यास वन विभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. नवशिक्याने पहिले वर्ष केवळ मासे, कृत्रिम खडक आणि समुद्री शेवाळ यांवर समाधान मानणे सर्वांत सुरक्षित होय. जिवंत प्रवाळ पाहण्यासाठी महाराष्ट्रातच मालवणचा किनारा आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. विजयदुर्गपासून दूर खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला प्रवाळप्रदेशही आहे.

टाकी आणि जागा

लहान टाकी स्वस्त पडते, पण सांभाळण्यास कठीण असते. पाणी थोडे असले की तापमान, क्षारता आणि घाण यांत झपाट्याने बदल होतात. पहिल्या प्रयत्नासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी योग्य ठरते. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरून तिचे वजन तीनशे किलोच्या घरात जाते. म्हणून ती भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या वर येईल अशी ठेवावी. पश्चिमेच्या खिडकीसमोरची आणि थेट गच्चीखालची खोली टाळावी. स्टँड लाकडी असल्यास खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून त्याचे रक्षण करावे. लोखंडी असल्यास त्याला गंजरोधक रंग द्यावा.

पाणी

सोलापूर शहराला भीमा नदीवरील उजनी धरणातून पाणी मिळते. त्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. अनेक घरांत त्याला कूपनलिकेच्या जड पाण्याची जोड असते. हे पाणी थेट टाकीत घातल्यास नायट्रेट, फॉस्फेट व इतर क्षार आयतेच आत येतात आणि शेवाळाचा उपद्रव सुरू होतो. म्हणून कार्बन फिल्टर, आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझर राळ असा तीन टप्प्यांचा संच वापरावा. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. संचातून निघणाऱ्या पाण्याचे माप त्यावर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ यावे. पिण्यासाठीच्या घरगुती आरओ यंत्रात चवीकरिता थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते, त्यामुळे ते पाणी या कामास पुरेसे शुद्ध नसते.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे आरओतून साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. १९० लिटरची टाकी प्रथम भरताना साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी असे बाहेर पडेल. दिवसांआड नळाची वाट पाहण्याची सवय असलेल्या शहरात हे पाणी गटारात सोडणे योग्य नाही. ते साठवून फरशी पुसणे, गाडी धुणे व संडासासाठी वापरावे. शुद्ध पाणी अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवावे. तांब्याच्या हंड्यात किंवा घागरीत ते कधीही भरू नये. तांब्याचा अंशही शंख, खेकडे व प्रवाळ यांना मारक ठरतो.

मीठ

स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र बनत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट यांचे ठरावीक प्रमाण असते. मत्स्यालयासाठी तयार केलेल्या मिश्रणात हे घटक असतात. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिश्रण लागते, म्हणजे या टाकीस आरंभी सुमारे सात किलो. मिश्रण पिंपात पंप लावून ढवळावे, एक दिवस फिरू द्यावे आणि मगच वापरावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी. ती दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ इतकी असावी. सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असणे इष्ट.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर भरले गेले नाही, तर १९० लिटरचे १६२ लिटर उरते आणि क्षारता ३५ वरून ४१ वर जाते. म्हणून घटलेले पाणी रोज भरावे आणि ते खारे नसून शुद्ध गोडे असावे.

खडक आणि जिवाणू

रीफ टँकमधील खरा फिल्टर डोळ्यांना दिसत नाही. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंना वस्ती करण्यास सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. सोलापूरच्या परिसरात विपुल असलेला काळा दगड घट्ट असतो, त्यामुळे या कामी तो फारसा उपयोगी पडत नाही. मत्स्यालयासाठी बनविलेले सच्छिद्र सिरॅमिक खडक घ्यावेत.

खडक, वाळू व खारे पाणी भरून पंप सुरू केल्यावर टाकीत अमोनियम क्लोराइडचे अल्प प्रमाण किंवा कोळंबीचा लहान तुकडा टाकून जिवाणूंना खाद्य द्यावे. चाचणी संचाने दर दोन दिवसांनी मोजणी करावी. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, नंतर नायट्राइट चढतो व उतरतो, शेवटी नायट्रेट दिसू लागते. यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्याने दिलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आला, म्हणजे टाकी तयार झाली. या काळात काचेवर तपकिरी थर येतो, तो अपेक्षितच असतो. बहुसंख्य नवशिक्यांचे मासे मरतात ते हे आठवडे वाट न पाहिल्यामुळे.

उन्हाळ्याची परीक्षा

भित्तीवरील जिवांना २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. प्रवाळाच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला बहुतांश अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे सहजीवन तुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच घडले. जे अथांग समुद्रात घडते ते १९० लिटरच्या काचपेटीत एका दुपारीही घडू शकते.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. टाकीतील पंप व दिवेही पाणी तापवितात. येथील कोरडी हवा मात्र उपकारक आहे. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने पृष्ठभागावर लावलेला लहान पंखा टाकीचे पाणी दोन ते चार अंशांनी उतरवू शकतो. पावसाळी दमट हवेत त्याचा परिणाम घटतो. खोलीच ३५ अंशांवर असेल तर पंखा पुरा पडणार नाही, चिलर किंवा वातानुकूलित खोली लागेल. चिलर बाहेर टाकतो ती उष्णता कोंडली जाऊ नये म्हणून जागा हवेशीर ठेवावी. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्रींसाठी हीटरही लागतो.

यावर सोपी युक्ती अशी की, टाकी एप्रिलमध्येच भरावी. जिवाणूंचे चक्र आणि उन्हाळ्याची परीक्षा दोन्ही एकाच वेळी पार पडतात. मे महिन्यातील दुपारी पाणी २८ अंशांच्या आत राहते का, याची दररोज नोंद करावी. राहत नसेल तर मासे आणण्यापूर्वीच उपाय करता येतो.

वीज गेल्यावर

भारनियमनाचा काळ मागे पडला असला तरी वळवाच्या वादळात वीज तासन् तास जाते. उष्ण व खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे पंप थांबताच धोका सुरू होतो. दिवे व चिलर काही तास बंद राहिल्यास चालते, पाण्याची हालचाल थांबून चालत नाही. इन्व्हर्टरवर निदान एक प्रवाहपंप जोडावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. पाणी तापू लागल्यास बर्फ केलेल्या बंद बाटल्या टाकीत तरंगत ठेवाव्यात. सर्व विद्युतजोडण्यांना अर्थिंग व गळतीरोधक स्विच असणे अनिवार्य आहे. वायर थेट प्लगकडे न जाता आधी खाली झोल घेईल अशी लावावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

पहिले मासे

प्रारंभ क्लाउन माशांच्या लहान जोडीने करावा. हा मासा आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला समुद्रफुलाची गरज असतेच असे नाही. मासे पैदास केंद्रातील आहेत का, हे अवश्य विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन व डॅमसेल माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. आग्नेय आशियात भित्तींवर सायनाइड मारून मासे पकडण्याचा प्रकार अनेक दशके चालत आला. असे मासे घरी आल्यावरही दगावतात आणि मागे भित्तीही मरते.

ब्लू टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला ही टाकी अपुरी पडते. मँडरिन मासा प्रामुख्याने सूक्ष्म जिवंत जीवच खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. डॅमसेल काटक असले तरी भांडखोर असतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथील बाजारांतून मासे आणताना रात्रीचा प्रवास निवडावा. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी. घरी आल्यावर टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून माशाला सवय लावावी. नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत येत नाही. त्यावरील तांबेयुक्त औषध फक्त त्या वेगळ्या टाकीतच द्यावे.

नित्याची देखभाल

दर आठवड्यास दहा टक्के, म्हणजे सुमारे एकोणीस लिटर पाणी बदलावे. त्यास साधारण सातशे ग्रॅम मीठ लागते. प्रोटीन स्किमर हे उपकरण बारीक बुडबुड्यांच्या साहाय्याने विरघळलेली घाण फेसासह बाहेर काढते. त्याचा प्याला नियमित धुवावा. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. तापमान रोज, क्षारता व नायट्रेट आठवड्याला मोजून वहीत लिहावे. पुढे एखादा मासा मलूल दिसला तर कारण शोधण्यास ही वहीच उपयोगी पडते. घरातील सर्वांनी गावाला जायचे असल्यास पाणी भरण्याचे व अन्न मोजून देण्याचे काम कोण करणार, हे आधी ठरवावे.

एप्रिलमध्ये भरलेल्या टाकीत पावसाळा स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, पहिले दोन मासे यावेत आणि तिसरा महिनाभराने यावा. हा क्रम पाळणाऱ्या घराला पुढचा मे महिना जड जात नाही.