सीमापार प्रादेशिक सहकार्य
राष्ट्रीय सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी प्रदेशांनी, नगरपालिकांनी व स्थानिक संस्थांनी समान गरजांसाठी केलेले सहकार्य. दळणवळण, आरोग्यसेवा, पाणी, रोजगार व आपत्तिनिवारण ही त्याची मुख्य क्षेत्रे होत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात त्याला संघटित रूप आले. जर्मनी व नेदरलँड्स यांच्या सीमेवर १९५८ मध्ये ‘युरेजिओ’ ही संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय ग्रोनाऊ या जर्मन गावात आहे. मात्र परक्या देशातील नगरपालिकेशी करार करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना सहसा नसे. युरोप परिषदेच्या १९८० च्या माद्रिद करारनाम्याने अशा सहकार्याला कायदेशीर चौकट दिली. १९९० पासून ‘इंटररेग’ या युरोपीय योजनेतून त्यासाठी निधी मिळू लागला. २००६ च्या युरोपीय नियमाने अनेक देशांतील संस्थांना मिळून स्वतंत्र कायदेशीर मंडळ स्थापता येऊ लागले.

अशाच मंडळामार्फत पिरेनीज पर्वतातील सेर्दान्या खोऱ्याचे रुग्णालय चालते. १६५९ च्या तहाने हे खोरे फ्रान्स व स्पेन यांत विभागले गेले. हिवाळ्यात बर्फाने वाटा अडत आणि फ्रेंच बाजूच्या रुग्णांना दूरच्या पर्पिन्याँ शहरापर्यंत जाणे जिकिरीचे होई. २०१४ मध्ये स्पेनमधील पुचसेर्दा येथे रुग्णालय सुरू झाले. दोन्ही देशांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात दोन्हीकडच्या रुग्णांवर उपचार होतात.

दक्षिण आशियात भारत–बांगलादेश सीमेवरील ‘बॉर्डर हाट’ हे या सहकार्याचे छोटे पण मोलाचे उदाहरण आहे. मेघालयातील कलाईचर येथे २०११ मध्ये असा पहिला आठवडी बाजार भरला. परिसरातील रहिवासी तेथे भाजीपाला, फळे, कापड यांची खरेदी-विक्री करतात आणि व्यवहारात दोन्ही देशांचे चलन चालते.