ही तुळई ओढली कुणी?

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी उतरवायला घेतली तेव्हा आमच्या खोलीतली तुळई खाली आणायला चेनपुली आणि सहा माणसं लागली. जुनं लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने एका कोपऱ्यावर रंधा मारला, वास घेतला आणि म्हणाला, ‘बर्मा टीक!’ मला प्रश्न पडला, जंगलातून हे धूड ओढलं कुणी?

आज हे काम स्किडर करतो. ट्रॅक्टरसारखाच, पण मागे विंच लावलेला. सेकंडहँड घेणारे त्याची वायर, टायर आणि तो किती तास चाललाय ते तपासतात. ब्रह्मदेशात ही ओढाओढ हत्ती करायचे. त्यांची एक मोठी मालकीण मुंबईची होती, १८६३ मध्ये इथे स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन.

ओला साग तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती खाच पाडून झाड उभंच दोन-तीन वर्षं वाळवत. मग तोडलेल्या ओंडक्याच्या टोकाला भोक पाडून साखळी लावायची आणि हत्तीने तो ओढ्यापर्यंत ओढायचा. पुढचं काम पावसाच्या पुराचं. रात्री हत्तीच्या पायांत बेडी आणि गळ्यात लाकडी घंटा घालून त्याला चरायला सोडत. सकाळी माहूत त्या आवाजाच्या मागावर जाई, त्याला आणून आंघोळ घाली आणि अंग तपासे. ओंडक्याचा ताण पट्ट्यांवर यायचा. तिथली कातडी सोलवटली की काम बंद. कडक उन्हाळ्यात तर रजाच. (आमच्या लालबाग-परळच्या गिरणी कामगारांना ती कधी मिळाली?)

१८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोकला. आरोप असा, की ओंडके नेले जास्त आणि पैसे भरले कमी. इंग्रजांना तिथे फ्रेंचांची धास्ती होतीच, वर हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरात जेमतेम दोन आठवड्यांत मंडाले पडलं. थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

आमचं गाव रत्नागिरीजवळच. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस पाहिला होता. ‘बिचारा राजा,’ गुरुजी म्हणाले होते. ओंडक्यांचं कुणी बोललं नाही.

तुळई टेम्पोत मावेना. व्यापारी म्हणाला, एवढ्या लांबीचं गिऱ्हाईक आता नाही, कापून दारांच्या चौकटी करू. मग तिथेच, चाळीच्या अंगणात, करवत चालू झाली.