तीन माणसे आणि एक बाहुली

हलत्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर बोलायचे आम्ही ठरवले, तेव्हा आमच्या काही स्नेह्यांना नवल वाटले. कामगार-संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, फार तर गिरणगावाच्या इतिहासावर बोलावे. त्याला बाहुल्यांशी काय कर्तव्य, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभी देत नाही, कारण ते विषयाच्या पोटातच आहे. बाहुलीचा डोळा आपोआप हलत नाही. तो हलवण्यासाठी कोणीतरी दोरा ओढतो, तो दोरा कोणीतरी बसवलेला असतो, आणि ह्या दोघांच्या पोटापाण्याचीही काही व्यवस्था असावी लागते. ह्या व्यवस्थेचा इतिहास म्हणजेच आजचा विषय होय.

बाहुल्यांचा खेळ आपल्याला परका नाही. कळसूत्री बाहुलीला जुन्या मराठीत साइखडे म्हणत आणि हा शब्द ज्ञानेश्वरीत आला आहे. नाटकातला ‘सूत्रधार’ हा मूळचा बाहुल्यांची सूत्रे धरणाराच होय, असे मत काही पंडितांनी मांडले आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या घरांतून चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या गेल्या, आणि तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये ह्यांचा अर्धवटराव आणि त्याची आवडाबाई ह्यांनी तर मराठी माणसाला बोलक्या बाहुल्यांचे वेडच लावले. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये ह्यांनी तो संसार वाढवला. परंतु डोळे, भुवया, तोंड आणि बोटे हलणारी बाहुली घेऊन सबंध शोकांतिका रंगवण्याचे काम सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत कसोशीने झाले ते जपानातील ओसाका शहरात. म्हणून आज आपण तिकडे जाऊ.

ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर. तेथे १६८४ साली ताकेमोतो गिदायू नावाच्या गायकाने बाहुल्यांचे नाट्यगृह काढले. कथा गाऊन सांगणारा तो गायक, त्याच्या शेजारी सामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवणारा, आणि समोर बाहुल्या, अशी ह्या खेळाची मांडणी आहे. सर्व पात्रांची वाक्ये तो एकटा गायक म्हणतो. बाहुलीवाले तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. गिदायूला चिकामात्सु मोन्झाएमोन हा नाटककार लाभला. त्याने १७०३ साली ओसाकाच्या सोनेझाकी भागातील एका ताज्या घटनेवर नाटक लिहिले. सोया सॉसच्या दुकानातला एक कारकून आणि एक गणिका ह्यांनी बरोबर जीव दिला, एवढीच ती घटना. सरदार-दरकदारांऐवजी दुकानातल्या नोकरमाणसाचे दुःख रंगमंचावर आले आणि लोकांनी गर्दी केली. त्या वेळच्या बाहुल्या मात्र साध्या होत्या. एक माणूस आपले दोन्ही हात बाहुलीच्या कपड्यांत घालून ती वर धरी.

खरी कारागिरी आली ती त्यानंतर. गिदायूच्या ताकेमोतो नाट्यगृहाला त्याच्याच एका शिष्याने काढलेल्या तोयोताके नाट्यगृहाची स्पर्धा सुरू झाली होती. सुमारे १७२७ पासून दहा वर्षांच्या आत बाहुलीचे तोंड उघडू-मिटू लागले, डोळे फिरू लागले, बोटे वाकू लागली आणि शेवटी भुवयाही वर चढू लागल्या. बाहुली आकाराने वाढली, जड झाली, आणि एका माणसाला आवरेनाशी झाली. १७३४ साली ताकेमोतो नाट्यगृहातील एका नाटकात एक बाहुली तीन माणसांनी मिळून चालवली. ती रीत आजतागायत चालू आहे. एकूण यंत्र वाढले म्हणून माणसे कमी झाली नाहीत. उलट एकाच्या जागी तीन लागली. आमच्या गिरण्या-कारखान्यांत ह्याच्या नेमके उलटे घडलेले आम्ही पाहिले आहे, म्हणून हा दाखला आम्हांला विशेष वाटतो.

आता हे डोके कसे घडते ते पाहू. हिनोकी नावाच्या, सुरूच्या जातीच्या झाडाचे लाकूड घेतात. त्यावर चेहरा कोरून झाला की कानांच्या पुढून डोके उभे चिरतात. पुढचा मुखवटा आणि मागची कवटी असे दोन भाग झाले की आतून दोन्ही पोखरून काढतात. त्या पोकळीत डोळ्यांच्या गोट्या, भुवया आणि जबडा बसवतात. प्रत्येकाला एक दोरा. हे दोरे मानेखालच्या दांडक्यात उतरतात आणि तेथे लहानलहान खिट्ट्यांना बांधलेले असतात. बाहुलीवाला डाव्या मुठीत ते दांडके धरतो आणि बोटांनी खिट्ट्या ओढतो. ओढलेला भाग पुन्हा जागेवर यावा म्हणून कमान लागते, आणि ती पोलादाची नसते. देवमाशाच्या तोंडात दातांच्या ठिकाणी चिवट, लवचिक पट्ट्यांची झालर असते. त्या पट्टीची ही कमान. ती तुटत नाही, कुरकुर करीत नाही आणि बोटाला हळुवारपणे साथ देते. मग दोन्ही भाग सरसाने पुन्हा जोडतात. शिंपल्यांची पूड सरसात कालवून तिचे लेप एकावर एक देतात आणि शेवटी चेहरा रंगवतात. असे डोके एका पात्राच्या मालकीचे नसते. केसांचा टोप आणि रंग बदलून तेच डोके आज एका नाटकात, उद्या दुसऱ्या नाटकात उभे राहते.

ह्या युक्त्यांचा कळस म्हणजे ‘गाबू’ नावाचे डोके. सुंदर स्त्रीचा चेहरा. दोरा ओढताच तोंड कानापर्यंत फाटते, दात दिसतात, डोळे सोनेरी होतात आणि कपाळावर शिंगे उगवतात. प्रेक्षक दचकतात. पण जाणते लोक सांगतात की बाहुलीवाल्याची परीक्षा गाबूवर होत नाही. तरुण मुलीच्या बाहुलीचे डोळे आणि तोंड बहुधा हलतच नाहीत. तिच्या ओठाच्या कडेला फक्त एक बारीक सुई खोचलेली असते. दुःख अनावर झाले म्हणजे बाहुलीवाला तिच्या बाहीचे टोक किंवा हातातले फडके त्या सुईला अडकवतो. मुलीने हुंदका दाबण्यासाठी पदर दातांत धरावा तसे ते दिसते. एवढ्या यंत्रांच्या खेळात सगळ्या सभागृहाला रडवते ती एक सुई.

तीन माणसांची वाटणी अशी. मुख्य माणूस डाव्या हाताने डोके आणि उजव्या हाताने बाहुलीचा उजवा हात चालवतो. दुसरा एका दांडीच्या साहाय्याने डावा हात चालवतो. तिसरा वाकून पाय चालवतो. स्त्रीपात्राला बहुधा पायच नसतात. तेव्हा हा तिसरा माणूस मुठींनी घागऱ्याची कड अशी हलवतो की पाहणाऱ्याला पाऊल पडल्याचा भास व्हावा. तिघांत बोलणे नाही. मुख्य माणसाच्या अंगाच्या आणि बाहुलीच्या डोक्याच्या किंचित हालचालीवरून बाकीच्या दोघांनी पुढचे ओळखायचे. दहा वर्षे पाय, दहा वर्षे डावा हात, आणि मग डोके, असा शिक्षणाचा क्रम सांगतात. मुख्य माणूस अनेकदा उघड्या चेहऱ्याने येतो. बाकीचे दोघे काळ्या कपड्यांत आणि काळ्या बुरख्यात.

ही कला केवळ शहरात वाढली असे समजू नये. ओसाकाच्या पश्चिमेस आवाजी बेट आणि पलीकडे आवा प्रांत, म्हणजे आजचा तोकुशिमा. तेथील शेतकऱ्यांनी गावोगावी लाकडी रंगमंच बांधले आणि स्वतः बाहुल्या नाचवल्या. नीळ पिकवणारा हा मुलूख; निळीच्या पैशाने खेळाला आश्रय मिळाला आणि डोकी कोरणाऱ्यांना काम मिळाले. तेंगूक्यू ह्या नावाने प्रसिद्ध असलेला कारागीर, १८५८ मध्ये जन्मलेला आणि १९४३ मध्ये वारलेला, तिथलाच. उघड्या मैदानावरच्या खेळात दुरून दिसावे म्हणून मोठी डोकी आणि काचेचे डोळे ही त्याची करामत. ओसाकातील पडता खेळ सावरला तोही आवाजीहून आलेल्या उएमुरा बुनराकुकेन ह्याने. त्याच्या घराण्याच्या नाट्यगृहाला १८७२ पासून बुनराकु-झा म्हणू लागले आणि पुढे सगळ्या कलेलाच बुनराकु हे नाव पडले.

आता श्रोतेहो, आमच्या खऱ्या विषयाकडे येतो. १९०९ साली बुनराकु-झा शोचिकु ह्या मोठ्या नाट्य-कंपनीच्या ताब्यात गेले. कलावंत पगारी झाले. १९४५ च्या मार्च महिन्यात ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला. नाट्यगृह जळाले आणि त्याबरोबर कितीतरी जुनी डोकीही जळाली. ती उणीव भरून काढली तोकुशिमातल्या नारुतो गावच्या ओए मिनोसुके ह्या कारागिराने. १९०७ ते १९९७ एवढे आयुष्य त्याला लाभले आणि त्यातली अनेक दशके त्याने ओसाकाच्या रंगमंचासाठी डोकी कोरण्यात घालवली.

डोकी पुन्हा कोरता आली. माणसे जोडून ठेवणे अधिक अवघड निघाले. युद्धानंतर जपानात कामगार-संघटनांची लाट आली. महागाईने गांजलेल्या बाहुलीवाल्यांनी, गायकांनी आणि वादकांनीही संघटना काढली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मंडळी दुभंगली. कंपनीबरोबर राहिलेल्यांचा गट चिनामी-काई, संघटनेच्या बाजूचा गट मित्सुवा-काई. वयोवृद्ध योशिदा बुंगोरो कंपनीच्या बाजूला राहिले. त्यांचा शिष्य किरिताके मोन्जुरो, ज्याला त्यांनी लहानपणापासून शिकवले, तो संघटनेच्या बाजूला गेला. गुरूने कंपनीची भाकरी निवडली म्हणून तो लाचार, आणि शिष्याने गुरूला सोडले म्हणून तो कृतघ्न, असे निवाडे देणे सोपे आहे. आम्ही देत नाही. संपात एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यातले दुःख सांगायला नको.

संघटनेच्या गटाला स्वतःचे नाट्यगृह नव्हते. ती माणसे गावोगाव दौरे करीत, मिळेल त्या सभागृहात खेळ करीत. कंपनीच्या गटाला नाट्यगृह होते, पण प्रेक्षक घटत चालले होते. सुमारे चौदा वर्षे असे चालले. बुंगोरो १९६२ साली वारले. १९६३ साली कंपनीने ह्या कलेतून हात काढून घेतला, सरकार, ओसाका प्रांत आणि ओसाका शहर ह्यांच्या मदतीने बुनराकु संघ स्थापन झाला, आणि दोन्ही गट एकत्र आले. ह्यात संघटना जिंकली असे आम्ही म्हणणार नाही. कंपनी जिंकली असेही नाही. दोघेही दमले, तेव्हा समाजाने भार उचलला. पण भार उचलावा असे काहीतरी शिल्लक होते, ते दोन्ही बाजूंच्या माणसांनी उपाशीपोटीही आपला सराव सोडला नाही म्हणून.

१९७२ पासून घराण्याबाहेरच्या मुलांसाठी सार्वजनिक शिक्षणवर्ग निघाले. १९८४ साली ओसाकात राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृह उभे राहिले आणि २००८ साली युनेस्कोच्या यादीत कलेचे नाव लागले. तरीही २०१२ साली ओसाकाच्या महापौरांनी अनुदान कापण्याचा घाट घातला आणि मोठा वाद झाला. तात्पर्य, समाजाने एकदा उचललेला भार कायमचा उचलला असे कधीच नसते. तो दर पिढीला पुन्हा उचलावा लागतो.

शेवटी एक कबुली. हा इतिहास वाचत असताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा पाय चालवणाऱ्या माणसाकडे गेले. इतकी वर्षे आम्ही गेटसभांत भाषणे केली, करारांवर सह्या केल्या, वर्तमानपत्रांत आमची नावे आली. चेहरा आमचा उघडा होता. पाळी संपल्यावर दारोदार वर्गणी गोळा करणारे, रात्री भिंतींवर पत्रके चिकटवणारे, सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारे, ह्यांतल्या किती जणांची नावे आम्हांला आज आठवतात? फार थोड्यांची. ओसाकातला मुख्य बाहुलीवाला निदान स्वतः वीस वर्षे त्या बुरख्यात वाकलेला असतो. पाय कसे चालतात हे त्याला ठाऊक असते. आमच्यापैकी अनेकजण एकदम डोके हातात घेऊनच उभे राहिले, आणि पाय अडखळले की पायांना दोष देत बसले. ती चूक आमचीही आहे. बाहुलीचा डोळा हललेला पाहून टाळ्या अवश्य वाजवाव्यात. मात्र त्या वाजवताना नजर एकवार खाली, घागऱ्याच्या कडेकडेही जाऊ द्यावी.