‘स्वयम्’: पुण्याच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलोचा उपग्रह

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोटाहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी३४ उडालं. त्यात २० उपग्रह होते. मुख्य उपग्रह कार्टोसॅट मालिकेतला, शेकडो किलोंचा. त्याच रॉकेटमध्ये साधारण १० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा एक चौकोनी डबाही होता, वजन जेमतेम एक किलो. हा ‘स्वयम्’, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आता विद्यापीठ) विद्यार्थ्यांनी बनवलेला.

काम सुरू झालं २००८ मध्ये. म्हणजे पदवी चार वर्षांची आणि प्रकल्प आठ वर्षांचा! ज्यांनी पहिले आराखडे काढले, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन बाहेर पडले. त्यामुळे सर्किट जोडण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं, प्रत्येक निर्णय का घेतला हे पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवणं.

एवढ्या छोट्या उपग्रहाची खरी अडचण वीज. डब्याच्या बाजूंवर बसवलेल्या सौर पॅनेलमधून सरासरी एक-दोन वॅटच मिळतात. घरातला साधा एलईडी बल्बही ९ वॅटचा असतो. शिवाय दर फेरीत काही वेळ उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, तेव्हा सगळा भार बॅटरीवर.

रॉकेटमधून सुटल्यावर उपग्रह गटांगळ्या खात फिरतो. त्याला सावरायला मोठ्या उपग्रहांत मोटरवर फिरणारी चाकं असतात, पण ती वीज खातात. ‘स्वयम्’मध्ये त्याऐवजी कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राची सुई वळते तसा हा चुंबक अख्ख्या उपग्रहाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत आणतो. पण सुई जागेवर येताना हेलकावे खातेच. ते थांबवायला खास चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या लावतात. उपग्रह डुलला की कांड्यांमधलं चुंबकत्व सतत बदलतं, त्यात हालचालीची ऊर्जा उष्णता बनून जाते आणि डुलणं हळूहळू कमी होतं. विजेचा खर्च शून्य. उपग्रह स्वतःला स्वतःच सावरतो, तेव्हा नावही शोभणारंच.

त्याचं काम होतं हॅम रेडिओवाल्यांचे निरोप पोचवणं. समजा, शहादा तालुक्यातल्या लोणखेड्याहून एखाद्या परवानाधारकाने उपग्रह डोक्यावर असताना निरोप पाठवला. उपग्रह तो साठवून ठेवतो आणि दुसऱ्या देशावरून जाताना तिथे उतरवतो. साधारण ५०० किलोमीटर उंचीवर एक फेरी सुमारे ९५ मिनिटांत होते, पण एका गावाला तो एका वेळी दिसतो काही मिनिटंच. एवढ्या वेळात जे जमेल ते.

उड्डाणाआधी असा उपग्रह थरथराट आणि निर्वात पोकळीच्या चाचण्यांतून जातो, कारण वर गेल्यावर एक सैल स्क्रूही घट्ट करता येत नाही.

तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ ला, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. तो सुमारे १० किलोचा, आणि त्याचं काम वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजण्याचं.